फाटा आणि फाटाफूट

सहामाही परीक्षा जवळ आली की माझी जुनी कसरत सुरू होते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. उर्दूची प्रश्नपत्रिका उजवीकडून डावीकडे जाते, मराठीची डावीकडून उजवीकडे. त्यात मराठीच्या पत्रिकेत ‘पुढील उर्दू वाक्यांचा मराठीत अनुवाद करा’ असा प्रश्न असला की दोन्ही लिप्या एकाच पानावर समोरासमोर उभ्या राहतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हे काम दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे, छापलेले कागद कात्रीने कापायचे, डिंकाने चिकटवायचे आणि मग झेरॉक्स काढायचे.

आमच्या एका ज्येष्ठ सरांनी निवृत्त होताना आपली उर्दूची सगळी प्रश्नपेढी एका सीडीवर भरून मला दिली. कित्येक वर्षांची मेहनत होती ती. मला ती कधीच उघडता आली नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाइप केली होती ते एका छोट्या डोंगलशिवाय चालत नसे आणि तो डोंगल शाळेच्या जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता. मजकूर सरांचा, भाषा आमची; कुलपाची किल्ली मात्र तिसऱ्याच्याच हातात.

पुढे मी लिब्रेऑफिस वापरू लागले. गेल्या वर्षी संगणक कक्षात नववीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, हे फुकट आहे, मग याचा मालक कोण?” मी पटकन म्हणाले, “कोणीच नाही.” घरी आल्यावर हे उत्तर मलाच खटकत राहिले. मालक नाही, मग निर्णय कोण घेते? भांडण झाले तर मिटवते कोण? शोधायला बसले तेव्हा कळले, की हे सॉफ्टवेअर मुळात याच प्रश्नावरून जन्माला आले आहे. आज तीच हकीकत सांगायची आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळी असते त्याला ओपन सोर्स म्हणतात. ही मोकळीक परवान्यातच लिहून दिलेली असते. त्यामुळे एखाद्या प्रकल्पातल्या काही लोकांचे इतरांशी पटेनासे झाले, तर ते सगळी संहिता घेऊन वेगळी चूल मांडू शकतात. याला ‘फोर्क’ म्हणतात. मराठीत मला त्यासाठी ‘फाटा’ हा शब्द जवळचा वाटतो. एसटीने हिंडलेल्या प्रत्येकाला फाटा माहीत असतो: मुख्य रस्त्यावर गाडी थांबते, काही लोक उतरतात आणि दुसऱ्या रस्त्याने चालू लागतात. याच शब्दातून आपण ‘फाटाफूट’ही केली आहे आणि तिला मात्र आपल्याकडे चांगला अर्थ नाही. कोणता फाटा कुठेतरी पोचवतो आणि कोणता नुसती फाटाफूट ठरतो, हे या गोष्टीत बरेच स्पष्ट दिसते.

सुरुवात जर्मनीत झाली. १९८५ साली मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस हे पत्रे, तक्ते, सादरीकरणे करण्याचे सॉफ्टवेअर पुढे बरेच चालले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. सनच्याच एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलेले कारण मजेशीर आहे: आपल्या सुमारे ४२ हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा असे सॉफ्टवेअर बनवणारी अख्खी कंपनी घेणे स्वस्त पडत होते! जुलै २००० मध्ये सनने स्टारऑफिस जगासाठी खुले करण्याची घोषणा केली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी त्याची संहिता खुली झाली. ‘ओपनऑफिस’ हे नाव आधीच दुसऱ्या कोणाच्या मालकीचे होते, म्हणून प्रकल्पाचे नाव ओपनऑफिस डॉट ऑर्ग ठेवावे लागले.

याच घोषणेत एक वचन होते. हा प्रकल्प पुढे एका स्वतंत्र फाउंडेशनच्या हाती दिला जाईल, असे सनने सांगितले होते. ते फाउंडेशन पुढच्या दहा वर्षांत झाले नाही.

का झाले नाही, याचे साधे उत्तर मला माझ्या माहेरच्या कसब्यात सापडते. तिथे एक वाचनालय होते. खोली एका सज्जन व्यापाऱ्याने दिलेली, पुस्तके लोकांनी दिलेली. त्यात माझ्या अब्बांचीही होती. घटना लिहू, नोंदणी करू, असे दरवर्षी ठरायचे आणि राहून जायचे. त्या गृहस्थांवर सगळ्यांचा इतका विश्वास, की कागद करायला सांगणे म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखे वाटायचे. ते वारले. वारसांना खोली हवी होती. त्यांनी कायद्याबाहेर काहीच केले नाही. खोली त्यांचीच होती. पुस्तके गोण्यांत भरली गेली आणि आम्ही वाचक बाहेर ओट्यावर उभे राहून बघत बसलो. मालक भला असतो तोवर घटना लिहायची कोणाला घाई नसते, आणि त्याच्यानंतर ती लिहायला कोणी बोलावत नाही.

सन ही तशी भली मालकीण होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. हॅम्बुर्गमधल्या तिच्या इंजिनिअरांचा पगार तीच देत होती आणि कामाचा मोठा भारही तेच उचलत होते. २००२ मध्ये पहिली आवृत्ती आली. या सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या रचनेतून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट हे खुले मानक तयार झाले आणि २००६ मध्ये त्याला आयएसओची मान्यता मिळाली. कोणत्याही सॉफ्टवेअरने ती फाइल उघडावी, रचना सर्वांना माहीत असावी, ही त्यामागची कल्पना. माझ्या त्या सीडीची आठवण ठेवली तर याचे मोल कळेल. भारत सरकारच्या टीडीआयएल कार्यक्रमानेही याच दशकात ओपनऑफिसवर बेतलेली भारतीय भाषांची आवृत्ती आणि फॉन्ट असलेल्या सीड्या मोफत वाटल्या होत्या.

पण आत धुसफुस होती. प्रकल्पात काम देणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कामाच्या स्वामित्वहक्कात सनला वाटा लिहून द्यावा लागे. एवढे हक्क एका कंपनीकडे जमा झाले की ती तीच संहिता वेगळ्या परवान्याने विकूही शकते. तशी मुभा बाकी कोणाला नव्हती. एक ‘कम्युनिटी कौन्सिल’ होती, पण पाठवलेली दुरुस्ती घ्यायची की नाही, केव्हा घ्यायची, हे शेवटी सनच्या माणसांवर ठरे. बाहेरच्यांच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने पडून राहत. नॉव्हेल कंपनीतल्या मायकेल मीक्स यांनी २००८ मध्ये आकडे मांडून दाखवले, की एवढ्या नावाजलेल्या प्रकल्पात सनबाहेरचे सक्रिय प्रोग्रामर फारच थोडे आहेत. त्याआधीपासूनच नॉव्हेलची मंडळी न स्वीकारलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा सांभाळत होती. तो पुढे ‘गो-ओओ’ म्हणून ओळखला गेला. लिनक्सच्या अनेक वितरणांतून लोकांना ओपनऑफिस या नावाने प्रत्यक्षात हीच दुरुस्त आवृत्ती मिळत होती. म्हणजे घर एकच, पण स्वयंपाक दोन ठिकाणी. फाटा तेव्हाच फुटत होता. त्याच्यावर पाटी लागायची राहिली होती.

मग मालक बदलला. एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने सन विकत घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. ओपनऑफिसच्या लोकांनी काही महिने वाट पाहिली. शेजारच्या घरात काय चालले आहे ते त्यांना दिसत होते. सनचाच दुसरा खुला प्रकल्प ओपनसोलारिस. त्याचे काम ओरॅकलने पुन्हा बंद दाराआड नेले आणि २३ ऑगस्ट २०१० रोजी त्याच्या नियामक मंडळाने स्वतःला विसर्जित केले. त्याच महिन्यात ओरॅकलने जावावरून गुगलवर खटला भरला. आपल्या दारात उद्या काय येईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

२८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिसच्या जुन्या कार्यकर्त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर केले. त्यात जर्मन, फ्रेंच, इटालियन, ब्राझिलियन अशा अनेक देशांची माणसे होती; नॉव्हेल, रेड हॅट, कॅनॉनिकल, गुगल यांचा पाठिंबा होता. त्यांच्या म्हणण्याचा सूर असा, की दहा वर्षांपूर्वीचे वचन आम्ही पूर्ण करत आहोत. त्यांनी ओरॅकललाही सामील होण्याचे निमंत्रण दिले आणि ओपनऑफिस हे नाव फाउंडेशनला द्यावे अशी विनंती केली. तोपर्यंत तात्पुरते म्हणून ‘लिब्रेऑफिस’ हे नाव घेतले.

उत्तर पुढच्याच महिन्यात मिळाले. कौन्सिलच्या बैठकीत, फाउंडेशनमध्ये गेलेल्या सदस्यांचे हितसंबंध आता परस्परविरोधी आहेत, तेव्हा त्यांनी राजीनामे द्यावेत, असे सांगण्यात आले. नाव मिळाले नाही. तात्पुरते नाव कायमचे झाले.

इथे माझ्या वाचनालयात आणि या प्रकल्पात एक मोठा फरक आहे. आम्हाला पुस्तके उचलून नेता आली नाहीत. यांना एकूण एक ओळ नेता आली आणि जुन्या घरातलीही एक ओळ कमी झाली नाही. परवान्याची ही करामत. पण परवाना काय देत नाही तेही पाहा. नाव, संकेतस्थळ, दहा वर्षांची ओळख, पगारी इंजिनिअर, हे सगळे मागेच राहिले. फाटा फोडणारा संहिता घेऊन निघतो, पण बाकी संसार त्याला शून्यातून उभा करावा लागतो.

तो त्यांनी कसा उभा केला, हा मला या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. २५ जानेवारी २०११ ला लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात त्यांनी लोकांकडे ५० हजार युरो मागितले. जर्मनीत फाउंडेशन नोंदवायला भांडवल लागते, त्यासाठी. आठ दिवसांत रक्कम जमली. अमेरिकेत कंपनी काढणे सोपे असताना त्यांनी जर्मन कायद्यातली ‘श्टिफ्टुंग’ ही रचना निवडली. तिला मालक किंवा भागधारक नसतो. मालमत्ता एका उद्देशाला बांधलेली असते, कारभाऱ्यांना ती विकून खाता येत नाही आणि सरकारी देखरेख असते. वक्फ किंवा सार्वजनिक न्यास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये नोंदणी पूर्ण झाली.

नियमावलीत त्यांनी जुन्या जखमा एकेक करून बांधल्या. स्वामित्वहक्क कोणाला लिहून द्यायचा नाही; ज्याचे काम त्याच्याच नावावर राहील. सभासद म्हणजे प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती, मग ते काम प्रोग्रामिंगचे असो, भाषांतराचे असो की मदतपुस्तिका लिहिण्याचे. संचालक मंडळ हे सभासद निवडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: मंडळाच्या एकतृतीयांशाहून जास्त जागा एका कंपनीच्या माणसांकडे जाऊ शकत नाहीत. एकाच घरची माणसे भरलेली कार्यकारिणी ज्याने आपल्या गावात पाहिली आहे, त्याला या कलमाची किंमत कळेल.

कामाची रीतही बदलली. जुनी संहिता जर्मनीत लिहिली गेल्यामुळे तिच्यातल्या खुलाशाच्या टिपा हजारोंनी जर्मन भाषेत होत्या; नवखा प्रोग्रामर तिथेच अडायचा. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे बसून त्या टिपांचे इंग्रजी केले. कोणी वापरत नसलेली संहिता काढून टाकली. नव्या लोकांसाठी ‘सोपी कामे’ वेगळी काढून यादी लावली. ही यादी वाचताना मला वर्गातला पहिला धडा आठवला. मुलाला फळ्यापाशी बोलवायचे असेल तर पहिले गणित त्याला सुटेल असे द्यावे लागते. दार उघडे आहे एवढे म्हणून भागत नाही, उंबरठाही खाली आणावा लागतो.

आता जुन्या घराकडे पाहू. उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांनी २०११ च्या एप्रिलमध्येच लिब्रेऑफिस स्वीकारले. त्याच महिन्यात ओरॅकलने ओपनऑफिसचा धंदा थांबवत असल्याचे जाहीर केले. जूनमध्ये तिने संहिता आणि नाव दान केले, पण या फाउंडेशनला नाही. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या दुसऱ्या संस्थेला. आयबीएमचा त्याला पाठिंबा होता. अपाचेचा परवाना असा, की तिथले काम लिब्रेऑफिसला घेता येते, पण लिब्रेऑफिसमधले काम अपाचेला त्याच परवान्याखाली घेता येत नाही. सांधण्याची संधी गेली आणि दोन्ही रस्ते कायमचे वेगळे झाले.

याची झळ वापरणाऱ्यांना लागली. अपाचे ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली आणि तेव्हापासून आजवर त्याच मालिकेत छोट्या दुरुस्त्या येत राहिल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये दोघांनाही लागू असलेली सुरक्षेची एक त्रुटी जाहीर झाली; लिब्रेऑफिसने ती तेव्हाच बुजवली, ओपनऑफिसची दुरुस्त आवृत्ती यायला ऑक्टोबर उजाडला. २०१६ मध्ये प्रकल्प बंद करावा का, यावर अपाचेतच उघड चर्चा झाली. तरीही नाव प्रसिद्ध, म्हणून लाखो लोक तेच उतरवून घेत राहिले. संहिता खुली झाल्याला २० वर्षे झाली तेव्हा, ऑक्टोबर २०२० मध्ये, डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचेला खुले पत्र लिहिले: तुमच्याकडे येणाऱ्यांना निदान आमची वाट तरी दाखवा. नाव मागे राहिल्याची किंमत दहा वर्षांनीही संपलेली नव्हती. सगळ्याच फाट्यांचे असे होत नाही. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरचा ईजीसीएस नावाचा फाटा फुटला होता. दोनच वर्षांत मूळ प्रकल्पाने त्यालाच अधिकृत मानले आणि रस्ते पुन्हा एक झाले. तिथे जुन्या घराने किल्ली हातात ठेवण्याचा हट्ट धरला नाही, एवढाच फरक.

आता आपल्या ताटात या सगळ्यातून काय पडले ते सांगते. नस्तालीक लिपीत प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. शेजारी कोण आहे ते पाहून अक्षर रूप बदलते. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र आपले वेगळेच रूप घेतो आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असून दिसते आधी. हे सगळे जुळवणाऱ्या यंत्रणेचे नाव हर्फबझ. ती आताच्या रूपात आणली इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनी. नाव ऐकून मला पतंगबाज, शायरीबाज असे काहीतरी वाटले होते; पण फारसीत ‘बाज़’ म्हणजे उघडा, आणि हर्फ म्हणजे अक्षर. ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्राचे ते फारसी भाषांतर आहे. इजिप्तचे खालिद होस्नी यांच्या मेहनतीने २०१३ मध्ये लिनक्सवरच्या आणि २०१७ मध्ये सर्व प्रकारच्या संगणकांवरच्या लिब्रेऑफिसमध्ये हर्फबझ आले. माझी कात्री आणि डिंक तेव्हा सुटले. अडचणी आहेतच. लिब्रेऑफिस उर्दू आणि देवनागरी दोघींना ‘जटिल लिपी’ या एकाच खान्यात टाकते, म्हणून दोन्हींसाठी वेगळा फॉन्ट हवा तर मला वेगळ्या शैली करून ठेवाव्या लागतात. पण पूर्वी तक्रार करायलाही जागा नव्हती, आता आहे.

आणि फाउंडेशन म्हणजे फरिश्त्यांची सभा नव्हे. ज्या कंपन्यांचे इंजिनिअर सर्वांत जास्त काम करतात त्यांचे आणि स्वयंसेवकांचे हित नेहमी जुळते असे नाही. २०२० मध्ये एका चाचणी आवृत्तीवर ‘पर्सनल एडिशन’ ही अक्षरे झळकली, तेव्हा उद्या हे विकत होणार की काय म्हणून गदारोळ झाला आणि ती अक्षरे काढावी लागली. त्याच वर्षी कोलॅबोरा या मोठा भार उचलणाऱ्या कंपनीने ऑनलाइन आवृत्तीचे आपले काम फाउंडेशनच्या आवारातून बाहेर नेले. म्हणजे फाट्यालाही पुढे फाटा. लिहिलेली घटना भांडण थांबवत नाही. भांडण कुठे करायचे, कोणासमोर करायचे आणि हरल्यावर काय करायचे, एवढे ती ठरवते. आमच्या वाचनालयात भांडायलाच जागा नव्हती. म्हणून ते भांडणाविना बंद पडले.

ती मुलगी आता दहावीत आहे. मध्यंतरी तिला थांबवून मी माझे उत्तर दुरुस्त केले. म्हटले, मालक नाही, विश्वस्त आहेत. काम करणारेच त्यांना निवडतात. नियम लिहून ठेवले आहेत. आणि ते बिघडले तर वेगळी चूल मांडायचा हक्क सगळ्यांना आहे.

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मग उद्या पुन्हा भांडले आणि वेगळे झाले, तर माझी फाइल उघडेल ना?”

मला सरांची सीडी आठवली. ती अजून माझ्या कपाटात आहे. “उघडेल,” मी म्हणाले. “त्यासाठीच तर हे सगळे झाले.”